साहेब टीव्हीवर कधी दिसणार? प्रसिद्धी विभागातल्या वाचकांचे प्रश्न

कंपनीच्या वरिष्ठांना वृत्तवाहिन्यांवर मुलाखतीसाठी कसे न्यावे, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमची चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली नाही. आठ महिने दर पंधरवड्याला सगळ्या चॅनेलना प्रेसनोट पाठवतो. एकदाही एमडींना बोलावणे आले नाही. चुकते कुठे?

प्रेसनोट जाते बातमीदाराकडे किंवा असाइनमेंट डेस्ककडे (बातमीदारांना कामे वाटून देणारा विभाग), आणि मुलाखतीची खुर्ची भरतो गेस्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे पाहुणे ठरवणारा माणूस. मोठ्या चॅनेलमध्ये पाहुण्यांसाठी वेगळा डेस्क असतो, छोट्या ठिकाणी त्या कार्यक्रमाचा प्रोड्यूसरच ते बघतो. त्याच्यापुढचा प्रश्न अगदी साधा असतो: उद्या सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी वाहनविक्रीवर कोण बोलणार? तुमच्या नव्या प्रेस शॉपचे (पत्र्याचे भाग दाबून घडवणाऱ्या विभागाचे) उद्घाटन त्याच्या कामाचे नाही. त्याचा तो तास भरून काढणारा माणूस तुमच्याकडे आहे, हे त्याला वेळेवर कळले पाहिजे.

म्हणून आधी कॅलेंडर घ्या. वाहन कंपन्या महिन्याच्या विक्रीचे आकडे पुढच्या महिन्याच्या १ तारखेला देतात. त्या दिवशी मोठ्या कंपन्यांचे अधिकारी सगळ्यांनाच हवे असतात आणि सगळ्यांना मिळत नाहीत. उरलेली जागा सुटे भाग पुरवणाऱ्याची, कारण पुढच्या दोन महिन्यांचे उत्पादन वेळापत्रक त्याच्या हातात आलेले असते. (ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याचे नाव न घेता मागणीचा कल कसा आहे एवढेच बोलायचे.) बांधकाम व्यवसायातल्या वाचकांनी हेच रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवसाला लावावे. निर्णय सकाळी १० वाजता जाहीर होतो आणि पुढच्या अर्ध्या तासात बिल्डर, बँकर यांची शोधाशोध सुरू होते. १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पाच्या दिवशी मात्र मध्यम कंपनीने नादी लागू नये. पाहुण्यांची यादी आठवडाभर आधीच भरलेली असते. त्यापेक्षा २ आणि ३ तारीख मागा.

गेस्ट कोऑर्डिनेटरला पाठवायचे पत्र, म्हणजे ईमेल, पाच-सहा ओळींचे असावे. सब्जेक्टच्या ओळीतच विषय हवा: ‘१ तारखेची वाहनविक्री: ट्रॅक्टरची मागणी वाढतेय, दुचाकीची का नाही? चाकणच्या पुरवठादाराचे एमडी उपलब्ध.’ खाली एका ओळीत माणूस कोण आणि या विषयावर त्याचाच अधिकार का. मग तो कॅमेऱ्यासमोर काय म्हणेल, अशी तीन वाक्ये, आणि त्यातले एक तरी सध्याच्या समजुतीच्या विरुद्ध जाणारे. ‘उद्योगात संधी आणि आव्हाने आहेत’ असे लिहिलेत की पत्र तिथेच संपले. शेवटी तीन गोष्टी: कोणत्या भाषांत बोलतील, नेमकी वेळ (‘दिवसभर उपलब्ध’ नको, ‘१०.३० ते १.००’ लिहा), आणि कुठून बोलतील, स्टुडिओतून की व्हिडिओ लिंकवर. साहेब बोलतानाची ६० ते ९० सेकंदांची क्लिप लिंकने द्या. आधी कधी टीव्हीवर आले नसतील तर ऑफिसात मोबाइलवर काढलेली चालेल. हा माणूस अडखळत नाही ना, एवढेच प्रोड्यूसरला पाहायचे असते. जड पीडीएफ जोडू नका.

पत्र आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत जावे, कारण सकाळच्या कार्यक्रमांचे पाहुणे संध्याकाळपर्यंत ठरतात. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एकच आठवण. आणि एकाच चॅनेलच्या चार जणांना तेच पत्र वेगवेगळे पाठवू नका. चौघे एकाच खोलीत बसतात.

आम्ही पुण्यातली, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तिमाही निकालानंतर सीएफओंना (मुख्य वित्त अधिकाऱ्यांना) बिझनेस चॅनेलवर न्यायचे आहे. कंपनी सेक्रेटरी प्रत्येक वेळी ‘आत्ता नको’ म्हणतात. नेमके केव्हा चालते?

सेक्रेटरींचे बरोबर असते, फक्त ते तारीख सांगत नाहीत. ती तुम्ही मागून घ्या.

संचालक मंडळाची बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत निकाल एक्स्चेंजवर, म्हणजे शेअर बाजाराकडे, जावे लागतात. बैठक बाजाराची वेळ संपल्यावर आटोपली असेल तर सेबीच्या सुधारित नियमाने तीन तास मिळतात. निकाल एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिसू लागला की बोलायला हरकत नाही. त्याआधी एक मिनिटही नाही, ‘नंतर दाखवा’ या अटीवर रेकॉर्डिंगसुद्धा नाही. तिमाही संपल्यापासून निकाल येईपर्यंत बऱ्याच कंपन्या स्वतःहून मौन पाळतात. कायद्याने सक्तीचे असते ते ट्रेडिंग विंडो बंद ठेवणे: तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्या लोकांना शेअर व्यवहार बंद. म्हणजे सीएफओ बोलू शकतात तेव्हाही त्यांना शेअर घेता-विकता येत नसतात, आणि अँकरने ‘तुम्ही स्वतः घेताय का?’ विचारले तर उत्तर तेच.

बरे, तारीख. जून तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत द्यायचे असतात आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत निकालांची रांग लागते. १३ ऑगस्टला निकाल देणाऱ्या मध्यम कंपनीला चॅनेलवर चार मिनिटेही मिळणे कठीण. हे प्रसिद्धीवाल्याच्या हाताबाहेरचे आहे असे समजू नका. बैठकीच्या तारखा ठरत असतानाच सेक्रेटरींना सांगा की बैठक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घ्या. वार्षिक निकालांना ६० दिवस असतात, तिथे हीच गर्दी मेअखेर होते.

निकाल लागताच प्रोड्यूसरला एक्स्चेंजवरची लिंक आणि तीन आकडे पाठवा: विक्री, एबिटा मार्जिन (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा विक्रीच्या किती टक्के), निव्वळ नफा, तिन्हींची गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी तुलना, आणि मार्जिन का हलले याचे एक वाक्य. अँकरचे प्रश्न बहुतेक त्या वाक्यातून निघतात.

घात होतो तो शेवटच्या प्रश्नाला. ‘पुढच्या वर्षी किती वाढ?’ किंवा ‘त्या मोठ्या ऑर्डरचे काय?’ निकालांत किंवा सादरीकरणात नसलेला आकडा साहेबांच्या तोंडून गेला की शेअर हलतो आणि एक्स्चेंजकडून खुलासा मागणारी मेल येते. टीव्हीवर बोललो म्हणजे जाहीर झाले, हा गैरसमज आहे. महत्त्वाची माहिती आधी एक्स्चेंजवर आणि नंतर बाकी सगळीकडे. चुकून काही निघून गेलेच तर मुलाखत संपताच सेक्रेटरींना फोन करा. ती माहिती तातडीने सर्वांसाठी खुली करणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून मुलाखत चालू असताना सेक्रेटरींच्या विभागातले कोणीतरी ती ऐकत बसलेले असावे आणि रेकॉर्डिंग ठेवावे. साहेबांकडून एक वाक्य घोटून घ्या: ‘आम्ही एक्स्चेंजला जे कळवले आहे त्यापलीकडे आज सांगता येणार नाही, मात्र मागणीचे चित्र असे दिसते...’ आणि पुढे खरेच काहीतरी सांगा. नुसता नकार दिला की अँकर तोच प्रश्न तीन वेळा विचारतो.

आयपीओचा (शेअरच्या पहिल्या सार्वजनिक विक्रीचा) मसुदा सेबीकडे दिला आहे. एमडींना चॅनेलवर जायची घाई आहे.

मर्चंट बँकर (आयपीओचे काम पाहणारी संस्था) आणि वकिलांच्या लेखी होकाराशिवाय नाही. मसुद्यात नसलेली माहिती, भविष्यातले आकडे, ‘शेअर नक्की वर जाईल’ छापाचे काहीही बोलता येत नाही. कंपनी पब्लिक इश्यू आणत असून मसुदा दाखल केला आहे, हेही अशा प्रसिद्धीत सांगावे लागते. लाइव्ह मुलाखतीत हे सांभाळणे अवघड. घाई सोडून द्या.

कारखाना कोल्हापूरला. चॅनेल म्हणते व्हिडिओ लिंकवर घेतो. मागच्या वेळी आवाज घुमला आणि चित्र अडकले. तयारी काय करावी?

चित्र अडकते ते बहुधा वायफायमुळे. लॅपटॉपला केबल लावा, वायफाय बंद करा. अपलोडचा वेग स्थिर ५ एमबीपीएस असला तरी भागते. डाउनलोड १०० असून उपयोग नाही, कारण चित्र इथून बाहेर जायचे असते. तपासणी आदल्या दिवशी त्याच वेळेला करा. सकाळी अकराला कारखान्याचे सर्व्हर बॅकअप घेत असतील तर ते तेव्हाच कळेल. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर हॉटस्पॉट तयार ठेवा आणि लॅपटॉपसह राउटरही यूपीएसवर घ्या.

आवाज घुमण्याची कारणे दोन. एक, खोलीतला टीव्ही चालू असतो; तो बंदच करा, म्यूट नव्हे. कौतुकाने बघणाऱ्यांना दुसऱ्या मजल्यावर बसवा. दुसरे कारण चॅनेलकडचे. साहेबांच्या कानात येणाऱ्या आवाजातून त्यांचा स्वतःचा आवाज वगळायचा राहून जातो, मग एक-दीड सेकंद उशिराने स्वतःचेच शब्द ऐकू येतात आणि माणूस अडखळतो. चाचणीच्या वेळीच पीसीआरला (चॅनेलच्या नियंत्रण कक्षाला) ‘रिटर्नमध्ये माझा आवाज येतोय’ असे सांगा, ते दुरुस्त करतात. लाइव्ह असताना झाले तर बोलताना इअरफोन कानातून किंचित सरकवायचा आणि प्रश्नाच्या वेळी परत बसवायचा. हे एकदा घरी करून पाहा.

उशीर थोडा तरी असतोच. अँकरचे वाक्य संपल्यावर एक क्षण थांबून बोलायला सुरुवात करा, नाहीतर दोघे एकमेकांवर बोलतात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा (लॅपटॉपखाली फायलींचा गठ्ठा पुरतो), खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे कंपनीचा भला मोठा फलक लावू नका. चॅनेल कोपऱ्यात घेते किंवा कापते. चाचणी २० मिनिटे आधी, आणि पीसीआरचा नंबर वेगळ्या फोनवर.

एका चॅनेलच्या मार्केटिंग विभागाकडून फोन आला: ‘उद्योजक विशेष’ म्हणून दहा मिनिटांची मुलाखत, इतके हजार द्या. द्यावेत का?

ती जाहिरात आहे. जाहिरात म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण बिलावर आणि पडद्यावर तसे लिहून मागा. ‘प्रायोजित’ शब्द लावायला ते कां-कूं करू लागले तर फोन ठेवा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, किती वेळा दाखवणार. पहाटे साडेपाचचा स्लॉट विकला जातो आणि ग्राहक संध्याकाळची वाट पाहत बसतो. क्लिप कायमची वापरण्याचा हक्कही करारातच हवा. आणि संपादकीय विभागातला कोणीही मुलाखतीसाठी पैसे मागत नाही. मागितले तर तो त्या चॅनेलचा प्रश्न आहे, वरच्यांना कळवा.

इंग्रजी बिझनेस चॅनेल चांगले की मराठी? आमच्या संचालकबाई सांगलीच्या, इंग्रजीत जरा अडखळतात.

ऐकणारा कोण, त्यावर ठरवा. गुंतवणूकदार हवा असेल तर सीएनबीसी-टीव्ही१८, ईटी नाऊ, एनडीटीव्ही प्रॉफिट. द्राक्ष बागायतदार, डीलर, कामगार किंवा जिल्ह्यातले प्रशासन हवे असेल तर एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी, साम. मराठी चॅनेलवर आठवड्यातल्या कृषी किंवा उद्योगाच्या कार्यक्रमात जागा मिळणे तुलनेने सोपे, रात्रीच्या चर्चेत मिळाली तरी घेऊ नका. तिथे राजकारण येतेच.

मराठीत अडचण वेगळी येते. बाई रोज मराठी बोलतात, पण धंद्याचे शब्द इंग्रजीतच येतात, मग वाक्य मध्येच मोडते. ‘कॅपेसिटी युटिलायझेशन’ ऐवजी ‘कारखाना सत्तर टक्के क्षमतेने चालतो’ असे दहा-बारा शब्दप्रयोग आदल्या दिवशी ठरवा. आकडे लाख-कोटीतच.

नाव आणि पद देवनागरीत टाइप करून पाठवा. पडद्याखालची पट्टी, जिला न्यूजरूममध्ये ॲस्टन म्हणतात, ती घाईत इंग्रजीवरून बनते आणि काळे यांचे काले होतात, गोळे यांचे गोले.

स्टुडिओत जाणार असतील तर हिरवी साडी नको, मागे क्रोमाचा हिरवा पडदा असेल तर साडीवरच चित्र उमटते. बारीक चौकडी कॅमेऱ्यात लुकलुकते. कडक रेशमी पदराला माइक लावला की प्रत्येक हालचालीला खरखर येते, म्हणून सुती किंवा मऊ पदर, लांब मंगळसूत्र असेल तर ते माइकपासून दूर पिन करून ठेवावे. माइकची बॅटरीची डबी कमरेला अडकवतात, तिला निऱ्यांपाशी जागा लागते, हे आधी सांगितले म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

ऐनवेळी मोठी बातमी फुटली की मुलाखत रद्द होते, मेकअप झालेला असला तरी. चिडून बोलू नका. बाहेर पडण्याआधी त्याच प्रोड्यूसरकडून पर्यायी दोन वेळा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच मेसेज करा. दरम्यान ती जागा दुसऱ्या चॅनेलला द्यायची असेल तर पहिल्याला कळवून द्या. ‘एक्सक्लुझिव्ह’ असा शब्द दिला नसेल तर यात काही वावगे नाही, आणि दिला असेल तर तो किती तासांसाठी होता, हे मेलमध्ये लिहिलेले असायला हवे.