कोणत्या तालमीचा?

लिंकन, नेब्रास्का

प्रिय लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, आजोबांबरोबर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले तेव्हा तिथे आलेल्या नव्या पोराला त्याचे नाव कोणी विचारलेच नाही. सगळ्यांनी आधी ‘कोणत्या तालमीचा? वस्ताद कोण?’ एवढेच विचारले, असे का? तेव्हा तुझ्या मागे पावसाचा आवाज फार होता आणि मला नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो आहे. हे उत्तर तुला कुस्तीपेक्षा आपल्या लिंकनच्या अमेरिकन फुटबॉलवरून लवकर उमगेल, कारण त्या लाल गर्दीत तू लहानपणापासून माझ्या मांडीवर बसली आहेस. एखादा महाविद्यालयीन संघ एक वर्ष नव्हे, तर चाळीस वर्षे जिंकत राहतो तो कशामुळे, याचे उत्तर आणि तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते एकच आहे.

लिंकनमधल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाने १९६२ ते २००१ या सलग चाळीस हंगामांत एकदाही विजयांपेक्षा पराभव जास्त होऊ दिले नाहीत, आणि १९६९ पासून सलग तेहतीस हंगाम दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले. महाविद्यालयाचा खेळाडू चार-पाच वर्षांत शिक्षण संपवून निघून जातो. म्हणजे या काळात मैदानावरची माणसे आठ-दहा वेळा पूर्णपणे बदलली, तरी जिंकणे बदलले नाही. लोक याचे श्रेय पैशाला, भव्य मैदानाला आणि प्रेक्षकांना देतात. जेमतेम वीस लाख वस्तीच्या या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, सगळ्यांचा जीव या एकाच संघात अडकलेला असतो, आणि संघाच्या मैदानाची, मेमोरियल स्टेडियमची, सगळी तिकिटे नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत, हे खरेच आहे. परंतु २००४ नंतर यातले काहीच कमी झाले नाही, उलट मैदान मोठे झाले आणि पैसा वाढला, तरीही जिंकणे मात्र हातातून निसटले. तेव्हा मूळ कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते मला सरावात सापडते. टॉम ऑस्बॉर्न हे १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. बहुतेक ठिकाणी सरावात पहिल्या फळीचे खेळाडू खेळतात आणि बाकीचे हात बांधून कडेला उभे राहतात. ऑस्बॉर्न मैदानाचे भाग पाडून एकाच वेळी अनेक ठिकाणी सराव चालवत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या मुलालाही तीच चाल रोज पुन्हा पुन्हा करायला मिळे. त्यांच्याकडे मुलेही पुष्कळ होती. शिष्यवृत्ती नसताना, स्वतःच्या पैशाने शिकत संघात येणाऱ्या मुलाला इथे वॉक-ऑन म्हणतात हे तुला ठाऊक आहे. राज्यातल्या मक्याच्या शेतांमधून, लहान लहान गावांमधून अशी मुले दरवर्षी येत, आणि नियमाने शिष्यवृत्त्यांची संख्या कमी होत होत ८५ वर आली तेव्हा इतर संघांचे मनुष्यबळ आटले, नेब्रास्काचे आटले नाही. त्या मुलांना घडवायला व्यायामशाळाही तशीच होती. दुखापतीमुळे बांबूउडी सोडून वजने उचलत बसलेल्या बॉइड एप्ली नावाच्या विद्यार्थ्याला १९६९ मध्येच खेळाडूंकडून वजने उचलून घेण्याच्या कामावर नेमले गेले होते, आणि त्या काळात वजने उचलल्याने खेळाडू जड आणि संथ होतो असा सार्वत्रिक समज होता, हे लक्षात घे.

या सरावाचे फळ १९९४ च्या ऑक्टोबरात दिसले. पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची प्रत्येक चाल सुरू करणारा खेळाडू, टॉमी फ्रेझर पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे घरी बसला, दुसऱ्याचे, ब्रूक बेरिंजरचे, फुप्फुस दबले, आणि कॅन्सस स्टेटविरुद्ध त्यांच्याच मैदानावर सामन्याची सुरुवात करण्याची वेळ वाहू नावाच्या लहानशा गावातून आलेल्या मॅट टर्मन या वॉक-ऑनवर आली. नेब्रास्काने तो सामना १७-६ असा जिंकला आणि त्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. टर्मनने काही चमत्कार करून दाखवला नाही. त्याच्यापुढच्या फळीने आपले काम केले, त्याने आपले केले. तालमीत वस्ताद ज्या पोराला रोज मोठ्या पैलवानाची जोड म्हणून हौद्यात उतरवतो, तो कदाचित कधीच मैदान मारणार नसतो, पण त्याची पाठ रोज मातीला लागते म्हणूनच मोठ्याचे डाव पक्के होतात, आणि वेळ आली की तोही उभा राहतो. त्या नव्या पोराला विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ हाच आहे, बाळ: तुझ्याबरोबर कोण लढले, तुला कोणी घडवले.

दुसरी गोष्ट धीराची आहे, आणि आज ती सर्वांत दुर्मीळ आहे. ऑस्बॉर्न पहिल्या पाचही वर्षी ओक्लाहोमाकडून हरले, आणि या राज्यात तो पराभव किती जिव्हारी लागत असे ते जुन्या लोकांना विचारावे. जानेवारी १९८४ मध्ये, एकही सामना न हरता शेवटच्या सामन्यापर्यंत आल्यावर, मायामीविरुद्ध एका गुणाने मागे असताना साधी एका गुणाची किक मारून बरोबरी केली असती तर अजिंक्यपद बहुधा पदरात पडले असते. त्यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि ३१-३० असे हरले. पहिले अजिंक्यपद त्यांना बाविसाव्या हंगामात मिळाले. तोवर त्यांना कोणी काढले नाही, आणि त्यांचे बरेच सहायकही वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर राहिले. मिल्ट टेनोपिर १९७४ पासून २००२ पर्यंत त्याच संघातल्या पुढच्या फळीला शिकवत होते. थोरल्या भावाला ज्याने शिकवले त्यानेच धाकट्याला शिकवावे, असे इथे घडत होते.

हा धागा २००३ मध्ये तोडला गेला. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच हे ऑस्बॉर्न यांच्या आधीचे प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांचे खेळाडू, मग ऑस्बॉर्न यांचे सहायक, म्हणजे याच मातीतले. त्यांनी त्या वर्षी नऊ सामने जिंकले आणि तीन हरले, तरीही त्यांना काढण्यात आले, कारण नऊ विजय आता पुरेसे वाटत नव्हते. नवे प्रशिक्षक आले, धावण्यावर उभी असलेली जुनी पद्धत गेली, आणि २००४ मध्ये १९६१ नंतर प्रथमच पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. तेव्हापासून पाच मुख्य प्रशिक्षक झाले, प्रत्येकाने आपली नवी पद्धत आणली, आणि २०१७ ते २०२३ हे सलग सात हंगाम पराभवाचे गेले. एका वस्तादाची पोरे दर चार वर्षांनी दुसऱ्याच्या हाती दिली तर कोणताच डाव अंगात मुरत नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. १९९५ मध्ये एका तरुणीला मारहाण करणाऱ्या खेळाडूला ऑस्बॉर्न यांनी काही आठवड्यांच्या बंदीनंतर संघात परत घेतले. संघाबाहेर तो मुलगा पूर्ण भरकटेल, असे त्यांचे म्हणणे होते. मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही आणि एका मुलीचा बाप म्हणून आज अजिबात पटत नाही. ज्या घरात पोरांना पोटच्या पोरांसारखे सांभाळले जाते, तिथे बाहेरच्या लेकीचे दुःख कमी दिसू शकते, हे तालमीलाही लागू आहे.

आता काळ आणखी बदलला आहे. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू शकतो आणि दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो. इतकी वर्षे त्यांच्या घामावर इतरांनीच कमावले, म्हणून पैसे मिळणे न्याय्यच आहे असे मी मानतो. मात्र २०२५ पासून संघात एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली, तिच्यामुळे वाहूसारख्या गावातून येणाऱ्या मुलासाठी जागा फार थोड्या उरल्या, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

शनिवारी आजोबा पुन्हा तालमीत जातील तेव्हा तूही जा. ते स्वतः पोरवयात त्याच हौद्यात माती उकरत होते, हे तुला त्यांनी सांगितले नसेल. त्यांना विचार, त्यांच्या वेळी रोज लढतीला उतरणारी पण एकही मैदान न मारलेली पोरे किती होती, त्यांची नावे काय, आणि ते स्वतः कोणाची जोड होते. ती नावे वहीत लिहून आण.

तुझे
बाबा