वाचकांचे प्रश्न : अटलांटाचा एक बँड आणि पांगलेली माणसं

प्रश्न : डेड अँड कंपनी या अमेरिकन रॉक बँडचे व्हिडिओ बघताना त्यातला बास वाजवणारा ओटील बरब्रिज फार आवडला. तो आधी 'अ‍ॅक्वेरियम रेस्क्यू युनिट' नावाच्या जॅम बँडमधे होता म्हणे. हा बँड काय होता आणि २०१५ ला ते परत एकत्र आले त्याचं लोकांना एवढं अप्रूप का?

उत्तर : अप्रूप असायलाच हवं, मला तर अजून आहे! बँड अमेरिकेतल्या अटलांटाचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या लिटल फाइव्ह पॉइंट्स भागातल्या एका पबमधे सोमवारी रात्री जमून वाजवायचे, त्यातून हा बँड तयार झाला. मधोमध कर्नल ब्रूस हॅम्पटन. कर्नल म्हणजे सैन्यातला नव्हे हां, नुसतं टोपणनाव. गळा भरड, हातात छोटुकलं, गिटारसारखं 'चॅझॉईड' नावाचं वाद्य, आणि भोवती त्याच्यापेक्षा वयाने बरीच लहान पण वाजवण्यात भलतीच तयार पोरं : बासवर ओटील, गिटारवर जिमी हेरिंग, ड्रम्सवर जेफ साइप, मेंडोलिनवर मॅट मंडी. ब्लूज, ब्लूग्रास, फंक, जॅझ सगळं एकाच गाण्यात यायचं. जॅम बँड म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावायला फार कष्ट नाहीत, बंदिश दोन ओळींची आणि बढत अर्धा तास, तसंच गाणं नुसतं निमित्त असतं आणि खरी मजा पुढच्या विस्तारात, त्यामुळे एकच गाणं दोन रात्री सारखं वाजत नाही.

खप म्हणाल तर कधीच फार नव्हता. १९९२ ला पहिला अल्बम आला तोही लाइव्ह, त्याच वर्षी फिश, ब्लूज ट्रॅव्हलर, वाइडस्प्रेड पॅनिक यांच्याबरोबर ते पहिल्या होर्ड टूरमधे, म्हणजे असे बरेच बँड एकत्र फिरायचे त्या दौऱ्यात, वाजले, आणि नंतर दोनेक वर्षांतच हॅम्पटन बाहेर पडला. मंडी तर त्याच्याही आधी गेला होता. बाकीच्यांनी काही वर्षं बँड चालवला, पुढे अधूनमधून भेटीगाठी झाल्या, पण २०१५ च्या उन्हाळ्यात हॅम्पटन, ओटील, हेरिंग, साइप आणि मंडी असे पाचही जण टूरवर निघाले, ही गोष्ट वीसेक वर्षांत झालेली नव्हती. मुख्य म्हणजे ते जुन्या आठवणी काढायला आलेले थकलेले लोक नव्हते. मधल्या काळात बहुतेक जण कितीतरी मोठ्या स्टेजवर तावून सुलाखून निघाले होते आणि ते सगळं घेऊन आपल्या गुरूसमोर परत बसले. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

प्रश्न : मग मधल्या वर्षांत कोण कुठे गेलं?

उत्तर : ओटील १९९७ ला ऑलमन ब्रदर्स बँडमधे गेला आणि २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधे त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला तोपर्यंत तिथेच होता. म्हणजे तो बँड संपला, पुढच्या उन्हाळ्यात ही जुनी मंडळी जमली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो डेड अँड कंपनीत दाखल! त्याचा सहा तारांचा बास ऐकताना एक गोष्ट नक्की बघा, सोलो घेताना तो तेच सूर तोंडाने सोबत गातो, बोट आणि गळा एकदम, आणि ही सवय अ‍ॅक्वेरियम रेस्क्यू युनिटच्या दिवसांपासूनची आहे.

हेरिंगचा प्रवास तर विचारूच नका. २००० ला काही काळ ऑलमन ब्रदर्स, मग फिल लेश अँड फ्रेंड्स, मग द डेड, आणि २००६ पासून वाइडस्प्रेड पॅनिक. २०१७ ला जॉन मॅकलॉफलिनने, म्हणजे झाकिरभाईंबरोबर 'शक्ती' काढणारा तोच, अमेरिकेत निरोपाची टूर केली तेव्हा आपल्या जुन्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचं संगीत वाजवायला त्याने सोबत हेरिंगचा बँड घेतला. यापेक्षा मोठी पावती गिटारवाल्याला कुठली मिळणार? साइप लेफ्टओव्हर सॅमनमधे वाजला, इतरही अनेकांबरोबर वाजला. ओटीलचा मोठा भाऊ कोफी नंतरच्या काळात या बँडमधे होता, कीबोर्ड आणि बासरी दोन्ही वाजवायचा, पुढे डेरेक ट्रक्सच्या बँडमधे आणि मग टेडेस्की ट्रक्स बँडमधे गेला. फेब्रुवारी २०१९ मधे तो वारला, त्याची बासरी ऐकली नसेल तर जरूर ऐका. मंडी मात्र मोठ्या स्टेजपासून लांबच राहिला, म्हणून तर २०१५ ला तो परत दिसल्यावर जुन्या लोकांना इतका आनंद झाला.

एका लहानशा बँडमधून एवढी माणसं निघाली हा योगायोग नाही असं माझं ठाम मत आहे. या पोरांचे हात आधीच तयार होते, त्यांना तंत्र शिकवायची गरज नव्हती. हॅम्पटनकडे मिळायचं ते वेगळंच, शेजारचा काय वाजवतोय ते ऐकायचं, स्वतःची हुशारी दाखवायची नाही आणि चुकायला घाबरायचं नाही. ज्याला हे जमलं तो कुठल्याही बँडमधे जाऊन बसू शकतो, कारण तिथलं आधीचं संगीत न मोडता त्यात स्वतःचं काहीतरी घालणं त्याला येतं.

प्रश्न : हॅम्पटनचं स्टेजवरच निधन झालं हे खरं का?

उत्तर : हो, जवळजवळ तसंच. १ मे २०१७, अटलांटाचं फॉक्स थिएटर, त्याच्या सत्तरीचा कार्यक्रम. त्याच्या हाताखालून गेलेले आणि त्याला मानणारे कितीतरी जण आले होते. शेवटच्या गाण्यात चौदा वर्षांचा एक मुलगा गिटारवर सोलो घेत होता आणि हॅम्पटन त्याच्यासमोर खाली बसला, कोसळला. तो नेहमीच स्टेजवर काहीतरी विचित्र करायचा, त्यामुळे हीही गंमतच असेल असं वाटून सगळे थोडा वेळ वाजवत राहिले. त्याच रात्री तो गेला. त्यामुळे पाचही जणांची तशी टूर आता परत होणं शक्य नाही.

ऐकायचं असेल तर १९९२ च्या त्या लाइव्ह अल्बमपासून सुरुवात करा. पहिल्या वेळी हॅम्पटनच्या आवाजाने दचकायला होईल, तरी बंद करू नका. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त मंडीच्या मेंडोलिनकडे लक्ष द्या, मग हेरिंग त्याला कसं उत्तर देतो ते बघा.