शिंकलं की लघवी होते, टेपचं ऑपरेशन करू काय?

प्रश्न: मी निपाणीजवळच्या खेड्यातली, वय 46, तिन्ही बाळंतपणं नॉर्मल. शिंक आली, गवताचा भारा उचलला की लघवी होते, सौंदत्तीच्या यल्लमाला एसटीनं जायचं पण सोडलंय. बेळगावच्या डॉक्टरनी टेप बसवायला सांगितलंय, पोट फाडतात काय?

उत्तर: नाही ताई, पोट फाडत नाहीत. लघवीच्या नळीला खालून आधार देणारं स्नायू बाळंतपणात सैल पडलेलं असतंय, म्हणून पोटावर जोर आला की गळती होते. योनीतून छोटा छेद घेऊन साधारण एक सेंटीमीटर रुंदीची पॉलिप्रोपिलीनची (एक प्रकारचं प्लास्टिक) जाळीदार पट्टी, म्हणजेच ती टेप, त्या नळीखाली झोळीसारखी ठेवतात, अर्ध्या तासाचं काम, पुष्कळ जणी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातात. 1990 च्या दशकात स्वीडनमधनं आलेली ही पद्धत पुढं जगभर पसरली.

पण आधी निदान तीन महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, म्हणजे लघवी रोखताना आवळतो त्या स्नायूंचे व्यायाम केलाय काय? शिकवून घेऊन नीट केले तर काहींना ऑपरेशन लागतच नाही. आणि तुम्हाला अचानक जोराची घाई होऊन वाटेतच लघवी होत असेल तर तो वेगळा त्रास, त्याला पट्टीचा भरवसा नाही, हे डॉक्टरना स्पष्ट सांगा.

धोके पण विचारा, लघवी अडकणं, दुखणं, क्वचित पट्टी योनीत उघडी पडणं, आणि ती परत काढणं सोपं नसतंय. नंतर दीड महिना भारा, घागर काही उचलायचं नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. लाजून यल्लमाला जायचं सोडू नका हो.