शाळेला मैदान नाही, फक्त गच्ची आहे. नववीच्या मुलांना शेतीतलं प्रत्यक्ष काय शिकवता येईल?

भांडुपच्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान आणि कार्यानुभव शिकवला. आमच्याकडेही गच्चीच होती, म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. प्रत्येकाला एक कुंडी, एक रोप, आणि रोज पाणी घाला. जुलैत गच्चीची मोरी पालापाचोळ्याने तुंबली, खालच्या वर्गाच्या भिंतीला ओल आली आणि मला ऑफिसात बोलावणं आलं. रोपं तर कुजलीच. तेव्हा आधी दोन गोष्टी बघून घ्या. मोरीला जाळी बसवा, आणि स्लॅबवर किती वजन चालेल ते विचारा. रंगाची वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की सहज तीस किलोच्या वर जाते. त्या भिंतींच्या कडेने ठेवा, मधोमध नको.

आता शिकवायचं काय? रोप जगवणं म्हणजे शेती नव्हे. शेतकऱ्याचे निम्मे निर्णय पेरण्याआधीच होतात, तिथूनच सुरुवात करा. मेथीचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा, गुंडाळून ठेवा आणि चौथ्या दिवशी उघडा. मोड आलेले मोजायचे, झाली उगवण चाचणी. आमच्याकडे एका मुलीने घरच्या डब्यातली जुनी मेथी आणली होती, तिचे 62 उगवले. मग 100 रोपं हवी असतील तर दाणे किती टाकायचे? गणिताच्या बाईंनाही हे उदाहरण आवडलं. गावाकडे सोयाबीनचं बियाणं याच पद्धतीने तपासतात. उगवण 70 टक्क्यांच्या खाली गेली तर पेरताना बियाणं वाढवावं लागतं.

पाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावू नका. माती मुठीत दाबायला शिकवा. बोटांतून पाणी आलं तर आज सुट्टी. गोळा झाला आणि टिचकीने फुटला तर ठीक. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. कोथिंबिरीचे धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नका, आणि उगवायला आठ-दहा दिवस लागतात हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी उकरून बघतात. लाल माठ, मेथी महिन्याभरात हाती येतात, म्हणजे चाचणी परीक्षेच्या आत. भेंडीला दीड-दोन महिने लागतात. ती कधी तोडायची हे माझ्यापेक्षा वर्गातल्या एका भाजीवाल्याच्या मुलाला चांगलं कळत होतं. टोक कट्कन मोडलं की कोवळी. त्या दिवशी वर्ग त्यानेच घेतला.

पण एकच गोष्ट शिकवायला वेळ मिळणार असेल, तर मी आंब्याचं कोय कलम शिकवेन, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बसवणं. हापूसची कोय लावली की हापूसच येईल, असं वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना वाटतं. येत नाही. कोयीपासूनचं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून तर कलम करतात. कोयी जूनमध्ये लावा. रोप दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस कोवळ्या पानांचं झालं की शेंडा छाटून खोडाला चार-पाच सेंटिमीटर उभी चीर द्या. चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची, डोळा (शेंड्याचा कोंब) फुगलेली काडी घ्या, तिला पाचरीसारखा काप द्या आणि चिरेत बसवा. साली एका बाजूला तरी तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. काडी सुकू नये म्हणून पेप्सीची (बर्फाच्या कांडीची) रिकामी प्लास्टिकची नळी वरून टोपीसारखी घाला. सावलीत ठेवा. जुलैची मुंबईची दमट हवा, जिला आपण एरवी शिव्या घालतो, ती इथे कामी येते.

आमच्या पहिल्या 24 कलमांतली पाच जगली. कारण शोधायला दोन दिवस गेले. ब्लेड बोथट होतं, काप दातेरी येत होता. पुढच्या वेळी आधी जास्वंदीच्या फांद्यांवर सराव केला आणि नवी ब्लेडं आणली (ती मोजून द्या, मोजून परत घ्या).

मुख्याध्यापक ‘हे अभ्यासक्रमात कुठे आहे?’ म्हणाले तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव सांगा, हाताने काम करत शिकवणारी ती संस्था. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथल्या कामातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला आणि त्यात शेती-पशुपालन हा एक विभागच आहे.

कोयींची सोय मात्र मे महिन्यातच करा. वाळल्या की त्या उगवत नाहीत. धुऊन ओलसर वाळूत, सावलीत ठेवायला मुलांना सुट्टी लागण्याआधीच सांगा. गणपतीपर्यंत कलमाला नवी पानं येतात. चाळीत जागा नसलेली आमची बरीच मुलं कुंडी मांडीवर घेऊन एसटीने गावी गेली. तुमची जाणार असतील तर जाताना प्लास्टिकची पट्टी सोडायची आठवण करा. राहिली तर खोड जाड होताना ती आत रुतते आणि कलम तिथेच मोडतं.