अवतार का अ‍ॅव्हटार?

प्रश्न असाय की ऑनलाइन जगात आपल्या नावाने जो बाहुला हिंडतो त्याला अवतार म्हणतात, तर तो आपलाच शब्द का, आणि मराठीत लिहिताना अ‍ॅव्हटार लिहायचं का.

आपलाच आहे. संस्कृतात ‘अव’ म्हणजे खाली, पुढे ‘तॄ’ धातू, मिळून खाली उतरणं. इंग्रजीत तो अठराव्या शतकाच्या शेवटी गेला तेव्हा अर्थ फक्त देवादिकांचा होता. कॉम्प्युटरवाला अर्थ १९९२च्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीतून आला असं बरेच जण सांगतात, ते बरोबर नाही, कादंबरीने तो गाजवला एवढंच. त्याच्या आधी लुकासफिल्म गेम्सचं हॅबिटॅट नावाचं ऑनलाइन खेळाचं जग होतं, १९८६चं, अमेरिकेत. कमोडोर ६४ कॉम्प्युटर, टेलिफोनला मोडेम लावायचा आणि क्वांटम लिंक नावाच्या सेवेत शिरायचं, ती चालवणारी कंपनीच पुढे एओएल (अमेरिका ऑनलाइन) ही इंटरनेट कंपनी झाली. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ते उभं केलं, आणि पडद्यावरच्या माणसाला अवतार हे नाव मॉर्निंगस्टारने दिलं. आदल्या वर्षी आलेल्या अल्टिमा ४ गेममध्येही हा शब्द आहे, पण तिथे ती सद्गुण अंगी बाणवून मिळवायची पदवी, तुमचा बाहुला नव्हे.

मॉर्निंगस्टारच्या डोक्यात हिशोब सरळ होता, खेळणारा म्हणजे देव आणि तो फोनच्या तारेतून खालच्या जगात उतरणार. म्हणजे शब्द नुसता भारी वाटला म्हणून उचललेला नाही, धातूचा अर्थ धरून वापरलाय, आणि हे मला फार आवडतं. फरक इतकाच की आपल्याकडे देव स्वतः जन्म घेतो, इथे देव खुर्चीत चहा पीत बसलेला असतो. त्या हिशोबाने आपला ‘सोंग’ जास्त जवळचा म्हणता येईल, पण सोंगाला ढोंगाचा वास येतो, म्हणून तो नको.

शिवाय मराठीत अवताराला अजून एक अर्थ आहे जो मॉर्निंगस्टारला माहीत असण्याचं काही कारण नाही. केस पिंजारलेले, शर्ट बाहेर, की आई म्हणणार “काय हा अवतार करून ठेवलायस!” म्हणजे दिसणं, ध्यान. आणि हॅबिटॅटमध्ये दिसण्याचाच तर खेळ होता, तिथे चक्क डोकी विकत मिळायची, जुनं काढून नवं बसवायचं, आणि कोणी मारलं तर तुम्ही खिसे रिकामे होऊन, स्वतःचं मुंडकं हातात धरून घरी पोचायचात. आता याला अवतार नाही तर काय म्हणणार?

तेव्हा अ‍ॅव्हटार नको, तो इंग्रजी उच्चार आहे, आपलाच शब्द विलायतेहून वाकडा होऊन परत आलेला. आभासी प्रतिरूप वगैरे तर मुळीच नको. क्रियापद ‘घेणे’ किंवा ‘बदलणे’ छान बसतं, ‘अवतार क्रिएट केला’ कानाला टोचतं. फक्त अकाउंट डिलीट केल्यावर ‘अवतार संपवला’ लिहू नका, ते आपण संतसत्पुरुषांसाठी राखून ठेवलंय. हॅबिटॅट १९८८ला बंद झालं, मग काटछाट होऊन क्लब कॅरिब नावाने आलं, त्याला दुसरा अवतार म्हटलं तर चालेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोल फोटोला मात्र डीपीच म्हणा, फोटो काही हिंडत नाही.