ठाण्यात मुसळधार पावसात फ्री डिशचं चित्र गोठतं, ६० सेंमीऐवजी ९० सेंमीची डिश लावून फरक पडेल का?

हो, नक्की पडेल, पण आधी डिशची दिशा आणि कनेक्टर तपासा. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किमीवर आहे आणि तो केयू बँड या सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यातून सिग्नल पाठवतो. या बँडची लहर जेमतेम अडीच सेंमीची, त्यामुळे जोरदार सरी तिची बरीच ताकद शोषून आणि विखरून टाकतात. उपग्रहाची ताकद ठरलेली. आपल्या हातात फक्त डिशचा आकार. ९० सेंमीची डिश सव्वादोनपट सिग्नल गोळा करते, म्हणजे साधारण साडेतीन डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) जास्त.

ठाण्याहून दिशा आणि कनेक्टर असे तपासा:

- खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३१ अंश, म्हणजे आग्नेय.
- क्षितिजापासून उंची सुमारे ५७ अंश. ऑफसेट डिश (घरांवर दिसते ती, जिचा सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) मात्र त्याहून बरीच उभी दिसते, तेव्हा ताटलीच्या कलावर जाऊ नका. बॉक्सवरची ‘क्वालिटी’ बघत मिलिमीटरने हलवा. ‘स्ट्रेंथ’ फसवी असते, चुकीच्या उपग्रहावरही भरलेली दिसते.
- एलएनबीजवळचा (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) केबलचा कनेक्टर उघडून बघा. तांब्याची तार हिरवट पडली असेल तर पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा, रबरी टोपी चढवा.

एक लक्षात ठेवा: मोठ्या डिशची नजर अरुंद, तीनऐवजी जेमतेम दोन अंश. गच्चीवरचा खांब वाऱ्यात हलत असेल तर ती जास्त त्रास देईल. आणि जुलैतल्या अगदी कोसळत्या पावसात काही मिनिटं चित्र जाणारच.