खड्ड्यात आपटून टायर-रिम गेलं, बेळगावकडं पालिकेकडून भरपाई मिळते का?

तुम्ही विचारलंय की पावसात पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही, गाडी आपटली, डावीकडचं पुढचं टायर फुटलं, रिम वाकलं, गॅरेजवाला अठरा हजार म्हणतोय, तर हे पैसे पालिकेकडून वसूल करता येतात का आणि अर्ज कुठं करायचा.

मागता येतात. मिळतात का म्हणाल तर फार थोड्या लोकांना, आणि मिळाले तरी ज्याच्याकडं मागितले तोच देईल असं नाही. मला सहा हजार मिळाले, पण पालिकेनं त्यातला एक पैसा दिलेला नाही. कसं ते सांगतो, जरा लांबड लागेल.

गेल्या वर्षीच्या जुलैची गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, बेळगाव जिल्ह्यातलंच तालुक्याचं एक गाव समजा. आईला दवाखान्यातून घेऊन येत होतो, रात्रीचे साडेआठ, लाइट गेलेली, रस्त्यावर पाणी, पुढं एक टमटम चाललेली आणि तिच्या मागनं मी तीसच्या स्पीडनं, आणि धाडकन. आई म्हणाली, "अरे खाली कोण आलं काय रे?" मग चिखलात गुडघे टेकून स्टेपनी घातली, आईनं छत्री धरली, आणि गुपचूप घरी. फोटो एकसुद्धा काढला नाही, तेवढं डोकंच चाललं नाही.

सकाळी सातला परत गेलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली खड्ड्यात उभी केली तर झाकण तेवढं रस्त्याच्या वर दिसत होतं, तसाच फोटो काढला, मागं कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाची पाटी येईल असा. चहावाला म्हणाला चार दिवसांत तुमची सातवी गाडी, काल एक बुलेटवाला पण पडला. आणि मग त्यानंच दाखवलं, साहेब कड बघा. खड्ड्याची कड नेहमी वेडीवाकडी असते, खडी सुटत सुटत तो वाढत जातो, पण ही कड दोन्ही बाजूंनी पट्टी लावून कापल्यासारखी सरळ होती आणि त्याच रेषेत पुढं वीसेक फूट रस्ता दबलेला. म्हणजे हा पावसानं पाडलेला खड्डाच नव्हता, पाण्याच्या पाइपलाइनसाठी कुणीतरी चर खणून, वर मुरूम लोटून, डांबराचा हात फिरवून गेलं होतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती बसली. पुढं सगळं प्रकरण या सरळ कडेवरच फिरलं.

तर तुम्ही हे वाचून झालं की आधी जागेवर जावा. मुरमाचा एक टेम्पो आला की तुमचा पुरावा गाडला जातो, माझा खड्डा दोनच दिवसांत बुजवला होता. लोकेशन, तारीख, वेळ फोटोवरच छापून येते असं कॅमेऱ्याचं ॲप टाकून घ्या, खड्ड्यात काहीतरी उभं करून खोली दाखवा, एक फोटो लांबून जागा ओळखू येईल असा घ्या, आणि गॅरेजमध्ये जॉबकार्डावर 'खड्ड्यात आपटल्यामुळं' एवढे शब्द लिहून मागा. वाकलेलं रिम टाकू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. जवळच्या दुकानदाराचा नंबर घेऊन ठेवा. पोलीस ठाण्यात नुसती अर्जी देऊन पोच घेतली तरी चालते, पण कुणाला लागलं असेल तर मात्र रीतसर तक्रार आणि दवाखान्याचे कागद पाहिजेतच, कारण माणसाला लागणं आणि गाडीला लागणं याची भरपाई फार वेगळी.

आता रस्ता कुणाचा. आमच्याकडं यातच निम्मे लोक गारद होतात. बेळगाव शहरात एका फेरीत तुम्ही महापालिकेचा रस्ता, कॅम्पात म्हणजे लष्करी छावणीत कॅन्टोन्मेंट बोर्डाचा रस्ता, पीडब्ल्यूडीचा रस्ता आणि नॅशनल हायवे असे चार मालक तुडवता. शहराबाहेर गावाच्या आकाराप्रमाणं नगरसभा, पुरसभा नाहीतर पट्टण पंचायत, खेड्यात जिल्हा पंचायत. नगरसभेत अर्ज पौरायुक्तांच्या नावानं, पुरसभा आणि पट्टण पंचायतीत मुख्याधिकाऱ्यांच्या, महापालिकेत आयुक्तांच्या. आणि वेंगुर्ला रोडनं जात असाल तर बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळी लागली की महाराष्ट्र, खड्ड्याला काही सीमाप्रश्न माहीत नसतो पण अर्जाला असतो.

माझ्या बाबतीत पालिकेचा इंजिनियर म्हणाला हा रस्ता आमचा नाही, पीडब्ल्यूडीचा. तिकडं गेलो तर म्हणे आमचा नाल्यापर्यंतच, पुढचा त्यांचा. तीन हेलपाटे झाल्यावर एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं की तोंडानं विचारू नकोस, माहिती अधिकारात विचार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक. पण कर्नाटकात एक भानगड आहे, अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर पाहिजे असा नियम आहे, त्यामुळं तिथं आपली कर्मकहाणी लिहायची नाही. मी एवढंच विचारलं की या ठिकाणापासून या ठिकाणापर्यंतचा रस्ता कुणाच्या ताब्यात, शेवटचं काम कधी झालं, कंत्राटदार कोण, त्याची दोषदायित्वाची मुदत कधी संपते, आणि रस्ता खणायची परवानगी कुणाला दिली होती. दोषदायित्व म्हणजे काम झाल्यावर काही वर्षं रस्ता खराब झाला तर त्याच कंत्राटदारानं पदरमोड करून दुरुस्त करायचा असतो, ती मुदत. हा एक शब्द अर्जात दिसला की समोरच्याला कळतं की याला कुणीतरी शिकवून पाठवलंय.

भाषेचं विचाराल म्हणून सांगतो. घटनेच्या 350 व्या कलमात आहे की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, तेव्हा मराठीत दिला तर 'घेणार नाही' म्हणायचा हक्क टेबलावरच्या माणसाला नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र इंग्रजी, हिंदी नाहीतर तिथली राजभाषा लागते, म्हणून मी मराठी अर्जाला कन्नड कॉपी जोडली. काहींना हे आवडणार नाही, माहीत आहे, हक्कासाठी मीही मोर्च्यात चाललोय, पण हे भांडण माझ्या रिमचं होतं आणि मला उत्तर त्याच महिन्यात पाहिजे होतं. उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं, सगळं कन्नडमध्ये. माझं कन्नड बोलण्यापुरतं, वाचायला धाकट्या मुलीला बसवलं, ती शाळेत शिकलीय. रस्ता पालिकेचाच निघाला, आणि चर खणणारा पाइपलाइनचा ठेकेदार, रस्ता पूर्ववत करून द्यायची जबाबदारी त्याच्यावर लिहिलेली.

मग वकिलाकडून नोटीस. पालिकेवर दिवाणी दावा लावायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि दावा करायची मुदत पण नेहमीच्या दाव्यांपेक्षा बरीच कमी असते, म्हणून 'दिवाळी झाल्यावर बघू' असं करू नका. नोटिशीचे पंधराशे गेले. एक कॉपी पालिकेला, एक ठेकेदाराला, दोन्ही पोचपावतीसकट, सोबत बिलं, फोटो आणि माहिती अधिकाराचं उत्तर. पालिकेकडून आजतागायत काही नाही. ठेकेदाराच्या माणसाचा मात्र बाराव्या दिवशी फोन, कशाला कोर्टबिर्ट, आपण बसून बोलू. माझं बिल 14,300 होतं, तो चारवर होता, सहावर तुटलं. पैसे फोनवर आले, मी कागदावर सही करून दिली की याबद्दल आता माझी तक्रार नाही. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं, अजून ताणायला पाहिजे होतं म्हणे. ताणलं असतं तर काय, दावा, तारखा, त्यात त्यांचा वकील विचारणार तुम्ही जोरात होता काय, ब्रेक का मारला नाही, टायर किती जुनं होतं. निष्काळजीपणा आपणच सिद्ध करायचा असतो. चौदा हजारासाठी मी ते केलं नसतं, तुम्ही अठरासाठी करू नये असं माझं मत.

आता व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्याबद्दल. 'खड्ड्यासाठी सहा लाख मिळणार' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो मुंबई हायकोर्टाचा ऑक्टोबर 2025 चा आदेश, मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख असा, तो महाराष्ट्रापुरता, आणि त्यात तुमच्या रिमला काही नाही. आपल्याकडचा निकाल 2019 चा, कर्नाटक हायकोर्टाचा, तेव्हा अभय ओक मुख्य न्यायमूर्ती होते. चांगला रस्ता मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि खराब रस्त्यामुळं नुकसान झालं तर भरपाई मागता येते असं त्यात आहे, पण ते प्रकरण बेंगळुरूच्या पालिकेचं होतं. नोटिशीत त्याचा उल्लेख जरूर करायला सांगा, वजन पडतं, मात्र तेवढ्यावर आपल्याकडं कुणी चेक फाडत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 ला 198अ कलम आलं, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड, पण ते मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर, आणि दंडाचे पैसे सरकारी फंडात जातात, तुम्हाला नाहीत. हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट टाकू म्हणणारे पण भेटतील, त्यांना चहा पाजा आणि घरी या.

हायवेवर झालं असेल तर गोष्ट वेगळी आणि जरा बरी. कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, खानापूरकडं गणेबैल, यातल्या कुठल्या नाक्यावर टोल भरून पुढं खड्ड्यात गेला असाल तर तुम्ही पैसे देऊन सेवा घेतलेली आहे, ग्राहक आयोगात जाता येतं. घरपट्टी भरतो म्हणून पालिकेचे ग्राहक, असं मात्र सहसा मानत नाहीत. जागेवरूनच हायवेच्या 1033 हेल्पलाइनला फोन लावा म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो, आणि फास्टॅगचा पैसे कापल्याचा मेसेज पुसू नका, त्या वेळी तुम्ही तिथं होता याचा त्याच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळातल्या एका खराब हायवेवरचा टोल थांबवायचा आदेश कायम ठेवला, तेव्हापासून टोलवाले अशा तक्रारी जरा कान देऊन ऐकतील असं वाटतं.

आणि इन्शुरन्स विसरलात काय? नुसती थर्ड पार्टी असेल तर सोडून द्या. फुल असेल तर खड्ड्यात आपटणं हा अपघातच, क्लेम बसतो. फक्त साध्या पॉलिसीत एकटं टायर फुटलं तर काही मिळत नाही, त्याच वेळी गाडीचं आणखी काही मोडलं असेल तर टायरचे निम्मे मिळतात. तुमचं रिम पण गेलंय म्हणजे ते जमतंय. क्लेममधले पहिले हजार रुपये, गाडी 1500 सीसीच्या वर असेल तर दोन हजार, ते तुमच्या खिशातनं. मग पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो तो किती ते बघा, माझा 45 टक्के होता म्हणून मी क्लेम केला नाही, तुमचा 20 असेल तर सरळ करा. दुरुस्तीच्या आधी कळवा, गाडी उघडून झाल्यावर नव्हे.

तुमचा रस्ता नक्की कुठला ते प्रश्नात नाही. पहिल्या रेल्वे गेटपासून कॅम्पाच्या बाजूला वळला होता असं काहीतरी लिहिलंय, तर आधी तेवढं पक्कं करा, कॅन्टोन्मेंटचा निघाला तर पालिकेला लिहिलेला अर्ज तसाच पडून राहील आणि तोवर तिथं मुरूम पडलेला असेल.